साल फेकताय? जरा थांबा!

वीकेंडला पुण्याहून शिर्डीला निघालात की नगरनंतर राहुरी लागतं आणि मग राहाता. राहात्याचा पेरू फेमस! गाडी साइडला घ्यायची, तिखट-मीठ लावलेली फोड तोंडात टाकायची आणि चलो शिर्डी. डाळिंबाचंही तेच. दाणे फस्त, साल कचऱ्यात. पेरूचं पान तर आपल्या गावीही नसतं. पण गंमत म्हणजे लॅबमध्ये भाव खाऊन जातात ती नेमकी ही साल आणि हे पान!

जांभळ्याचं पिवळं

साल किंवा पान वाळवून पूड करायची, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून गाळायची. झाला अर्क. तो डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात टाकला, की रंग पिवळा पडत जातो. जितका पिवळा, तितका अँटिऑक्सिडंट म्हणून दमदार. दुसरी टेस्ट जंतूंची. बशीत जंतू वाढवायचे आणि त्यावर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवायची. चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, म्हणजे तिथे जंतूंची डाळ शिजली नाही! डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन, तर पेरूच्या पानात क्वेरसेटिन असतं. गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंची वाढ या दोघांच्या अर्कांनी लॅबमध्ये रोखलेली आहे.

मग झाडालाच तेल्या कसा?

नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा डाळिंबाचा जिल्हा. मृदुला, आरक्ता, भगवा हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. पण सालीत एवढा दम असूनही याच डाळिंबाच्या बागा तेल्या रोगानं बसतात, आणि तेल्या हा जिवाणूंचाच रोग! कारण बशीत दाट अर्क जंतूंवर थेट पडतो. जिवंत झाडात तसं होत नाही, आपल्या पोटातही नाही. प्युनिकॅलॅजिन जसंच्या तसं रक्तात उतरत नाही. आतड्यातले जंतू त्याचे तुकडे करतात आणि ते जंतू प्रत्येकाचे वेगळे.

म्हणूनच 'चमत्कारी' कॅप्सूल घेण्याआधी अमेरिकेतला किस्सा आठवा. डाळिंबाचा रस हृदयविकार, प्रोस्टेट कॅन्सर टाळतो, अशा जाहिराती 'पॉम वंडरफुल' कंपनीनं केल्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१३ मध्ये त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. २०१५ मध्ये अपील कोर्टानंही मुख्य निकाल कायम ठेवला.

तर मग करायचं काय?

• पेरू स्वच्छ धुवून सालीसकट खा. वजनाला वजन लावलं, तर त्यात संत्र्याच्या सुमारे चौपट सी व्हिटॅमिन असतं.
• डाळिंबाचे दाणे चावून खा, गाळलेल्या रसात चोथा वाया जातो.
• फवारणी झालेली साल किंवा पानं उकळून पिऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असाल, तर अर्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.
• आणि डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स पानांच्या काढ्यावर विसंबून अर्धवट सोडू नका.

राहात्याला मात्र नक्की थांबा. फळ खायला प्रिस्क्रिप्शन लागत नाही!