वाटेवरचं जालना

नदी, भट्टी, लढाई : भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण व्होल्गाकाठी होतो. १५८९ मध्ये त्सारित्सिन नावानं वसलेलं सीमेवरचं ठाणं, १९२५ मध्ये त्याचं स्टालिनग्राड झालं आणि १९६१ मध्ये व्होल्गोग्राड. जुलै १९४२ ते फेब्रुवारी १९४३ असे दोनशे दिवस त्या शहरात लढाई चालली. तीही कुठं, तर ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात आणि ‘रेड ऑक्टोबर’च्या पोलादभट्ट्यांमध्ये. लढाई संपली त्याच वर्षी तिथं पुन्हा पोलाद ओतलं गेलं.

या भागात घरी यायचं आहे, कुंडलिकेच्या काठी. जालन्याची व्होल्गोग्राडशी तुलना करतोय म्हटल्यावर खुद्द जालनेकर हसतील. व्होल्गेतून जहाजं चालतात, कुंडलिकेत बऱ्याच उन्हाळ्यांत पाणीच नसतं. पण नदीकाठचं गाव, पोलादाचा धंदा आणि लढायांचा इतिहास या तिन्ही गोष्टी इथं आहेत. फरक आहे तो लढाईच्या स्वभावात. व्होल्गोग्राडला एका लढाईनं घडवलं. जालन्यावरून अडीच-पावणेतीनशे वर्षं फौजा येत-जात राहिल्या. त्या जालन्यासाठी क्वचितच लढल्या, पण वाटेत जालना लागायचंच.

ही वाट कोणती, ते नकाशावर बघा. पश्चिमेला आजचं छत्रपती संभाजीनगर, उत्तरेला अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश आणि बऱ्हाणपूर, पूर्वेला वऱ्हाड, दक्षिणेला गोदावरीचं खोरं. उत्तरेकडून दख्खनेत शिरणारा आणि दख्खनेतून वऱ्हाडात जाणारा, दोघांनाही हे गाव सोयीचं. त्यामुळं इथं सराया झाल्या, पेढ्या झाल्या. नदीच्या दोन्ही तीरांवर वस्ती वाढली, एकीकडे जालना आणि समोर कादराबाद. रेशमाचा आणि जरीचा व्यापार इथं चाले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या दिवसांची. सोन्याचा पाळणा वाटेवर टांगला की तो हलवायला कोण कोण येणार, हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराज आले. दिलेरखानानं विजापूरकरांवर जोर केला होता आणि आदिलशाहीच्या मदतीला महाराजांनी मोगली मुलुखात मुसंडी मारली होती. शत्रूचं लक्ष विजापूरवरून उडवायचं, तर त्याच्या भरल्या बाजारपेठेवर घाव घालायचा, हा त्यामागचा हिशेब. चार दिवस जालन्याची लूट चालली. पण व्यापारीही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. महाराज साधुसंतांच्या, फकिरांच्या जागेला हात लावत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून बरेच जण दागदागिने, रोकड घेऊन गावाबाहेर सय्यद जान महंमद या अवलियाच्या मठात जाऊन बसले. गावात हवं तेवढं सापडेना तेव्हा सैन्य मठात शिरलं. मोगल बखरकारांनी पुढं याची कथा केली, की अवलियानं शाप दिला आणि पाच महिन्यांत महाराज गेले. शापाची गोष्ट बाजूला ठेवू. जालन्याच्या व्यापाऱ्यानं राजाच्या धर्मनीतीचा अंदाज बांधून त्यावर आपली तिजोरी पैजेला लावली, हे मात्र विसरण्यासारखं नाही. बाजार आणि लढाई यांचं नातं एवढं स्वच्छ क्वचितच दिसतं.

परतीची वाट सोपी नव्हती. संगमनेरजवळ मोगल फौजेनं गाठलं, तुंबळ लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले, लुटीतला मोठा भाग गेला. बहिर्जी नाईकानं आडवाटेनं काढून महाराजांना पट्टा किल्ल्यावर पोहोचवलं. तो किल्ला पुढं विश्रामगड झाला. महाराजांची ही शेवटची मोठी मोहीम.

पुढं निजामशाही आली. १७२५ मध्ये आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानानं गावाला गढी बांधली, मस्तगड म्हणतात ती. ती फार काळ कुणाला अडवू शकली असं काही दिसत नाही. १८०३ च्या ऑगस्टमध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलुखात उतरले आणि जालना घेतलं. २ सप्टेंबरला इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सननं ते परत घेतलं. पंधरवड्यात दोनदा मालक बदलला. बाजार त्या दिवसांत उघडा होता की बंद, याची नोंद कुणी ठेवत नाही.

२१ सप्टेंबरला आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. आज रेल्वेनं जाताना जे बदनापूर स्टेशन लागतं, तेच. मध्ये डोंगर, म्हणून दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा, असं ठरलं. २३ ला वेलस्लीला कळलं की मराठी फौज वाटलं होतं त्यापेक्षा खूप जवळ, केळणा नदीपल्याड भोकरदनच्या बाजूला उभी आहे. स्टीव्हन्सनची वाट बघावी, तर सावज निसटेल. त्यानं एकट्यानंच जायचं ठरवलं.

इथं एक बारीकशी गोष्ट आहे आणि मला ती या सगळ्या लढाईत सर्वांत बोलकी वाटते. केळणेला उतार नाही, असं वाटाड्यांनी छातीठोक सांगितलं. वेलस्लीनं दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे पिंपळगाव, पलीकडे अगदी समोर वरुड. दोन गावं नदीच्या दोन काठांवर तोंडाला तोंड लावून वसलेली असतील, तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्यानं तर्क केला. माणूस पाठवला, उतार सापडला. मराठवाड्यातल्या कुणाही शेतकऱ्यानं हे दोन मिनिटांत सांगितलं असतं. प्रश्न इतकाच, की ते त्याला सांगावंसं का वाटेल?

नदी ओलांडून तो केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला. बेचकं अरुंद, म्हणून मोठ्या फौजेला आपली सगळी रुंदी वापरता येणार नव्हती. पण पलीकडे शिंद्यांच्या चाकरीतला पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन अधिकारी होता. त्यानं आपल्या कवायती पलटणी आणि तोफा शिस्तीत काटकोनात वळवल्या आणि नवी फळी उभी केली, डावी बाजू असई गावाला टेकलेली. ही हालचाल इतक्या सफाईनं होईल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. असईच्या तोंडावर चुकून गेलेली ७४ वी हायलंडर पलटण जवळजवळ कापली गेली. पडलेले मराठी गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन इंग्रजी रांगा पुढं जाऊ देत आणि मग उठून पाठीमागून तोफ डागत. दीड हजारांवर माणसं गमावून संध्याकाळी इंग्रज जिंकले. शिंदे-भोसल्यांच्या हजारो घोडेस्वारांनी लढाईत फारसा भाग घेतलाच नाही, आणि दोघे सरदार तर आधीच निघून गेले होते. पायदळ आणि गोलंदाज मात्र शेवटपर्यंत उभे राहिले. पुढं वॉटर्लू जिंकलेला हाच वेलस्ली, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घेत असे.

आपल्या विषयाला महत्त्वाच्या आहेत त्या हाती लागलेल्या ९८ तोफा. वेलस्लीनं वरिष्ठांना कळवलं की या तोफा आणि त्यांचा सरंजाम इतका उत्तम आहे की कंपनीच्या फौजेत तसाच वापरता येईल. टिपूच्या तोफा तशा नव्हत्या. महादजी शिंद्यांनी आग्र्याकडे उभारलेल्या तोफांच्या कारखान्यांचं हे प्रशस्तिपत्र शत्रूनं दिलेलं आहे. ओतकामात आपण मागं होतो म्हणून हरलो, असं म्हणणाऱ्यांनी ते वाचावं. हरलो ते धातूमुळं नाही.

या लढाईनंतर जालन्याची शतकभराची चाकरी ठरून गेली. हैदराबादच्या निजामाच्या नावानं आणि इंग्रजांच्या हुकमानं चालणाऱ्या फौजा इथं मुक्काम करू लागल्या. १८२७ मध्ये रीतसर छावणी झाली. तीही शेवटी १९०३ मध्ये उठली. छावणी म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार होणारी हजारो माणसं. त्यांना धान्य हवं, दारू हवी, कापड हवं, घोड्यांना चारा हवा, पैशाला सावकार हवा. व्होल्गोग्राडच्या बाजारपेठेला लढाईनं राख केलं; जालन्याच्या बाजारपेठेला छावणीनं पोसलं. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांची घरं इथं स्थिरावली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तीही याच काळातली.

छावणी उठायच्या तीनच वर्षं आधी, १९०० मध्ये, हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे सुरू झाली होती. एक गिऱ्हाईक निघालं, तोवर दुसरं दारात उभं. काळ्या जमिनीतला कापूस आता इथल्या जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी होऊन मुंबईला जाऊ लागला. फौजा गेल्या, वाट तीच राहिली.

शेवटची फौज सप्टेंबर १९४८ मध्ये, निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत आली. औरंगाबादकडून आलेल्या भारतीय सैन्यानं जालन्यात गुरख्यांची एक तुकडी ठेवली आणि बाकीचं दळ लातूर, मोमिनाबादकडे (म्हणजे आजचं अंबाजोगाई) निघून गेलं. जालन्यात मोठी चकमक झाली नाही. झालं ते आधीच झालं होतं, रझाकारांच्या काळात, गल्लीबोळांतून. शहरातला मामा चौक हुतात्मा जनार्दनमामांची आठवण ठेवतो. निजामाविरुद्धच्या त्या लढ्यात उतरलेल्या पोरांपैकी एक बद्रीनारायण बारवाले. १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. आरंभ भेंडीच्या बियाण्यापासून झाला. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात मंजुरी मिळाली तीही महिकोच्याच वाणांना. बियाण्यावर स्वतंत्र लेख होईल, इथं थांबतो.

कारण पोलादाचं कोडं सोडवायचं आहे. जिल्ह्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही, बंदर चारशे किलोमीटर दूर. तरी १९७० नंतर इथं रोलिंग मिल उभ्या राहिल्या, मागोमाग भट्ट्या आल्या, आणि आज देशातल्या सळईचे रोजचे भाव निघतात तेव्हा रायपूर, मंडी गोबिंदगडच्या जोडीला जालन्याचाही भाव निघतो. माझं उत्तर जुनंच आहे. या गावानं स्वतःच्या मातीतून फार थोडं काढलं. वाटेवरून जे जातं ते थांबवून त्याचं काहीतरी करायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. पूर्वी रेशीम, मग छावणीचा शिधा, मग कापूस. आता भंगार.

भंगार ट्रकमधून एमआयडीसीत उतरतं तेव्हा त्यात काय नसतं? गंजलेले पत्रे, मोटारींचे सांगाडे, जुन्या इमारतींचे गज, पाइप, यंत्रांचे दात. ते निवडायचं, मग स्पंज आयर्नच्या जोडीनं विजेच्या इंडक्शन भट्टीत टाकायचं. सोळाशे अंशांच्या आसपास रस तयार होतो, तो ओतून बिलेट पाडतात. बिलेट रोलमधून दामटत दामटत बारीक होत जातं आणि लालभडक सळई सुसाट बाहेर येते. तिच्यावर त्याच क्षणी पाण्याचे जोरदार फवारे बसतात. बाहेरची साल एकदम थंड होऊन टणक होते, आतला गाभा अजून तापलेलाच. मग गाभ्याची धग हळूहळू सालीत येते आणि तिचा ठिसूळपणा काढून टाकते. वरून कडक, आतून लवचिक, म्हणून ती वाकते, तुटत नाही. टीएमटी म्हणतात ती हीच.

निवडणं हे काम दिसायला हलकं, पण जीव त्याच्यावर असतो. बंद सिलिंडर, शॉक ॲब्सॉर्बर, कुठलीही हवाबंद पोकळी भट्टीत गेली की फुटते. आणि भंगार जगभरातून येत असल्यानं त्यात लढाईही येते. ३० सप्टेंबर २००४ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातला जिवंत गोळा फुटून दहा कामगार मेले. त्यानंतर देशभर ठिकठिकाणी परदेशी भंगारात गोळे, रॉकेटं सापडू लागली, आणि जहाजात चढवण्यापूर्वीच भंगार तपासल्याचा दाखला सरकारनं सक्तीचा केला. व्होल्गोग्राडमध्ये भट्टीवर तोफगोळे पडत होते. आपल्याकडे ते भंगाराच्या ढिगातून, पावतीसकट भट्टीपर्यंत येत होते. पश्चिम आशियात युद्ध पेटलं की भंगाराचे भाव आणि तपासणीची धास्ती दोन्ही वाढतात, ते उगाच नाही.

दाखला नियमात आला, तरी ढिगासमोर वाकलेला माणूस बहुधा परप्रांतातून आलेला आणि कंत्राटी. शहराच्या श्रीमंतीबद्दल बोलताना त्याचा उल्लेख सहसा होत नाही, म्हणून इथं करतो.

राहिली नदी. सळई गार करायला पाणी लागतं, माणसांना तर लागतंच, आणि कुंडलिका दोघांनाही पुरत नाही. नवीन जालन्याला निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचं पाणी उतारानं येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याची जी दशा झाली तिची चर्चा देशभर झाली. तेव्हा गावकऱ्यांनी, उद्योजकांनी वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसला आणि तो शेतकऱ्यांनी शेतात नेला. जायकवाडीची जलवाहिनीही त्याच सुमारास आली. कुंडलिका आणि सीना या शहरातल्या दोन्ही नद्यांचं खोलीकरण त्यानंतरचं. समृद्धी महामार्ग झाला, ड्रायपोर्टचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं. म्हणजे वाट अजून रुंद होते आहे, आणि भट्ट्या वाढतील त्या या वाटेच्या भरवशावर. पाण्याचा हिशेब मात्र गोदावरीवर टाकला आहे, आणि गोदावरीवर हक्क सांगणारे वरच्या अंगाला नाशिक-नगरमध्येही बसले आहेत. जालन्यासाठी पुढची लढाई झाली, तर ती न्यायालयात आणि धरणाच्या दारांवर होईल.

पुढच्या आठवड्यात कन्हानकाठचं कामठी. तिथं आधी छावणी आली आणि गाव मागून.