ओढणाऱ्या गाडीचा श्वास

घर बांधायला काढलेल्या माणसाला स्लॅबचा दिवस म्हणजे लग्नाचा दिवस. सिमेंटची पोती थप्पीला लागलेली, खडी-वाळू दारात पडलेली, मजुरांच्या जेवणाचे आधण चढलेले, आणि यजमानाचे डोळे रस्त्याकडे. परभणीत काय, मानवत-सेलूकडे काय, त्या सकाळी वाट पाहायची असते ती एका पिकअपची. तिच्या मागे हुकाला अडकवलेले काँक्रीटचे मिक्सर असते आणि हौद्यात फावडी, घमेली अन् माणसे. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत, असे कायदा म्हणतो. त्याने एकदा सकाळी सातला जिंतूर रस्त्यावर उभे राहून पाहावे.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका स्लॅबच्या ठेकेदाराची गाडी गेल्या हंगामात रुसली. रिकामी असली की भुर्रकन पळायची, मिक्सर अडकवले की कण्हायची. ‘‘काका, चढ आला की दम कोंडल्यावानी करायली,’’ तो सांगत होता, ‘‘अन् धूरबी काळा टाकायली.’’ हवेचा फिल्टर बदलून झाला, डिझेलचा झाला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने थंड सायलेन्सरवर लाकडी हातोडीने दोन टोले दिले. आत खुळखुळ वाजले. आतली पत्र्याची आडभिंत गंजून सुटली होती आणि धुराच्या वाटेवर आडवी पडली होती.

रोग सापडला, पण औषधावर तीन मते पडली. कंपनीचाच घ्या, असे एकजण म्हणाला. बाजारातला घ्या, निम्म्या पैशात होईल, असे दुसरा. तिसरा पोरसवदा वेल्डर म्हणाला, ‘‘कापून गाभाच काढून टाकतो. आवाज वाढंल, पण गाडी घोड्यावानी पळंल.’’ ठेकेदाराचा ओढा अर्थातच तिसऱ्याकडे होता. खर्चही कमी आणि घोडाही फुकट!

आता हे यंत्र आत करते काय, ते पाहू. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेते, तेव्हा त्यात चार हजार स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाचा तापलेला वायू धक्क्यासरशी बाहेर येतो. सायलेन्सरच्या पोटात कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून फिरताना आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात. काही सायलेन्सरांत कप्प्यांऐवजी काचतंतूचे अस्तर असते, ते आवाज पिऊन टाकते. आवाज मारायचा, पण वायू अडवायचा नाही, हीच सगळी कारागिरी. ओझे ओढताना इंजिन जास्त डिझेल जाळते, म्हणून वायूही जास्त आणि तोही अधिक तापलेला. तो बाहेर पडताना अडला की इंजिनाची ताकद त्याला ढकलण्यातच खर्ची पडते. रिकाम्या गाडीला जी अडचण जाणवतही नाही, ती मिक्सर ओढणाऱ्या गाडीचा गळा धरते.

म्हणून स्वस्त मालात पहिल्याने पाहावे ते नळीचे तोंड. अडीच इंचांच्या जागी दोन इंचांची नळी आली, तर दिसायला फरक अर्ध्याच इंचाचा. पण वाट एक तृतीयांशाहून जास्त आवळली जाते. वजन हातात तोलून पाहावे. जाड पत्रा अन् पुरे कप्पे असलेला सायलेन्सर जड लागतो. साध्या पत्र्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा टिकतो, स्टेनलेस त्याहून अधिक. एक लिटर डिझेल जळाले की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडते. गाडी जवळच्या जवळ फिरली, तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ते पाणी आतच राहते. बाहेरून आपली काळी माती चिकटून ओल धरते. सायलेन्सर दोन्हीकडून खाल्ला जातो.

गाभा काढण्याची गोष्ट मात्र सोडून द्यावी. गाभ्यातली अडगळ गेल्याने दम मोकळा होतो खरा, पण तो धड सायलेन्सरनेही होतो. वरची जी भासते ती ताकद नव्हे, गोंगाट. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० प्रत्येक वाहनाला, ट्रॅक्टरलासुद्धा, आवाज होईल तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. बुलेटचे फटफटणारे सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यात मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण पाहिलीच आहेत.

एप्रिल २०२० नंतरच्या, भारत स्टेज ६ च्या डिझेल पिकअपची तर गोष्टच वेगळी. तिथे सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारी गाळणी असते. ती साठलेली काजळी अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून जाळून टाकते. तिथे दम कोंडला, तर दोष गाळणीचाही असू शकतो. तिला कटर लावू नये, आणि वाळलेल्या गवतावर किंवा कापसाच्या ढिगाजवळ अशी गाडी चालू ठेवून उभी करू नये. कापसाच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको.

वाहनकर्जाच्या कागदांत चेसिस नंबराला रकाना असतो, इंजिन नंबराला असतो, विम्याला असतो, सायलेन्सरला नसतो. बँकेत उमेद गेली म्हणून सांगतो, हप्ता थकतो तो बहुधा अशाच बिनरकान्याच्या खर्चापायी.

मला सर्वांत मोठी काळजी होती ती हौद्यातल्या माणसांची. सांधा गळका असला की धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस उन्हाला दोष देतो. शेपटीची नळीही मजुरांच्या पायाखाली किंवा हुकाच्या साखळीवर नव्हे, गाडीच्या कडेपर्यंत बाहेर आलेली हवी.

ठेकेदाराने अखेर बाजारातलाच घेतला. पण जुना सोबत नेऊन, तोंड मापून, जड पाहून. लटकवायचे रबर आणि सांध्यांच्या गॅस्केट नव्या घेतल्या. मिस्त्रीने थंड इंजिन चालू करून शेपटीवर क्षणभर जाड फडके दाबले आणि सांध्यांशी कान नेला. एका सांध्यातून फुसफुस ऐकू आली, तो पुन्हा आवळला. मग मिक्सर अडकवून गाडी थेट येलदरीच्या चढावर नेली. रिकामी गाडी फिरवून त्याने पैसे घेतले नाहीत.