एकूण वजन पास, ट्रक नापास

संशोधनात ‘किती आलं?’ याआधी ‘मोजायचं काय?’ हे ठरवावं लागतं. ट्रकचं उदाहरण घ्या. भारतात २०१८पासून दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला मालासकट १८.५ टनांची मुभा आहे: पुढच्या अ‍ॅक्सलवर ७, मागच्यावर ११.५. समजा, तुमचा ट्रक वजनकाट्यावर १८ टन भरला. पास! पण माल मागे रचलाय. पुढे ५, मागे १३ टन. म्हणजे मागे दीड टन जास्त, आणि पुढची चाकं हलकी, त्यामुळे स्टिअरिंग नीट ऐकत नाही. इलिनॉयमधल्या १९५८-६०च्या चाचण्यांनुसार रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. इथे मागच्या चाकांखाली ती मर्यादेच्या सुमारे १.६ पट होते.

रेल्वे फाटकावरही तेच. ‘गाडी किती लांब आहे?’ यापेक्षा ‘मला पार व्हायला किती वेळ लागेल?’ हे विचारा. १० मीटरचा ट्रक, १५ मीटरचं अंतर, ताशी १० किलोमीटर वेग: ९ सेकंद. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटरने येणारी रेल्वे २५० मीटर कापते. म्हणून पलीकडे अख्खा ट्रक मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळांवर चढायचं नाही. फाटकावर माणूस नसेल तर ट्रक थांबवून आधी क्लीनरने पुढे जाऊन बघायचं; मोटार वाहन कायद्याचं १३१वं कलम हेच सांगतं.

तुमच्या प्रस्तावातही एकूण किंवा सरासरी लिहिण्याआधी बघा: भार नेमका कुठे पडतोय?