कल्पित सृष्टी आणि पहिली कादंबरी

अद्भुतरम्य कादंबरी लिहिणे सोपे, कारण तीत काहीही घडू शकते, असा एक समज आहे. पहिलीच कादंबरी हाती घेणारा तरुण लेखक पुष्कळदा याच समजाने कामाला लागतो. वर्ष-दोन वर्षांत राजांच्या वंशावळी, देशांचे नकाशे आणि नव्या लिप्या यांनी त्याच्या वह्या भरतात. पहिले प्रकरण मात्र कोरेच राहते. असे का व्हावे?

वस्तुतः जेथे काहीही घडू शकते, तेथे काहीही घडले तरी वाचकाला त्याची काळजी वाटत नाही. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. त्यावर आधारलेल्या निबंधात त्यांनी हिरव्या सूर्याचा दाखला दिला. ‘हिरवा सूर्य’ हे दोन शब्द कोणीही उच्चारील. पण तो सूर्य जिथे खरा वाटेल अशी सृष्टी उभारण्यास श्रम आणि विचार लागतात. आपणच विचार करून पाहा. त्या उजेडात पिकलेले शेत कसे दिसेल? आजारी माणसाचा चेहरा वैद्य कसा ओळखील? असे प्रश्न सुचू लागले म्हणजे सृष्टी आकार घेऊ लागली असे समजावे.

टॉल्किन यांची प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी ‘द हॉबिट’ ही १९३७ सालची. तीत एका नकाशावर चंद्राक्षरे आहेत. ती ज्या ऋतूत आणि चंद्राच्या ज्या कलेत लिहिली, त्याच ऋतूत तशाच कलेचा चंद्र असेल तरच वाचता येतात. डोंगरातील गुप्त दाराचे किल्लीचे छिद्रही वर्षातील एकाच विशिष्ट दिवशी, मावळत्या सूर्याच्या शेवटच्या किरणात उमगते. तो दिवस टळला तर सारा प्रवास फुकट! चमत्काराला नियमाचे बंधन घातले म्हणूनच येथे उत्कंठा निर्माण झाली. शिवाय या साहसाचा नायक बिल्बो घरातून घाईने निघतो आणि वाटेत त्याला आठवण होते ती विसरलेल्या हातरुमालाची. त्या रुमालाचे बोट धरून आपण त्या अपरिचित देशात शिरतो.

आता वह्यांविषयी. कादंबरीत गोंडोलिन या प्राचीन नगराचा ओझरता उल्लेख येतो. त्याच्या विनाशाची कथा टॉल्किन यांनी सुमारे वीस वर्षे आधी लिहून ठेवली होती. वाचकाला त्यांनी ती सांगितली नाही; तिची केवळ सावली पडू दिली. पण त्याच प्राचीन इतिहासाचा ग्रंथ, ‘द सिल्मरिलियन’, त्यांच्या हातून अखेरपर्यंत पुरा झाला नाही. १९७३ साली ते वारले आणि १९७७ साली त्यांच्या मुलाने तो संपादून प्रसिद्ध केला. सृष्टीला अंत नसतो. कथेला असावा लागतो.

तेव्हा सारी सृष्टी आधी पुरी करून मग कथा लिहू, हा हट्ट नवोदिताने सोडावा. पुढे चूक आढळली तर ती दुरुस्त करता येते. ‘हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम आपली अंगठी पैजेचे बक्षीस म्हणून आपखुशीने देऊ करतो. पुढील कादंबरीत मात्र ती अंगठी कोणालाही सहजासहजी सोडवत नाही, असे ठरले. मग १९५१ साली लेखकाने ते प्रकरण बदलले आणि जुनी हकीकत ही बिल्बोने मारलेली थाप होती, असा खुलासा केला. चुकीचेच त्यांनी कथानक केले!

कथेच्या वाटेवर लागेल तेवढी भूमी आधी पक्की करावी. पलीकडचे डोंगर दुरून दिसले तरी पुरे. आणि एकदा घातलेला नियम, नायकाचे प्राण संकटात असले तरी, लेखकाने मोडू नये. त्या एका वचनावरच वाचक त्याच्यामागून अनोळखी देशात चालत येतो.