हिगिन्स, ॲलेक्स

(१८ मार्च १९४९–२४ जुलै २०१०). उत्तर आयर्लंडमधील विख्यात व्यावसायिक स्नूकरपटू व दोन वेळचा जागतिक विजेता (१९७२ व १९८२). संपूर्ण नाव अलेक्झांडर गॉर्डन हिगिन्स. वेगवान खेळामुळे तो ‘हरिकेन’ (झंझावात) या टोपणनावाने, तर सामान्य प्रेक्षकांच्या प्रेमामुळे ‘जनतेचा विजेता’ म्हणून ओळखला गेला. स्नूकरला क्लबांच्या धुरकट खोल्यांतून काढून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लोकप्रिय करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. तथापि ज्या उत्कट वृत्तीमुळे त्याचा खेळ विलोभनीय झाला, तिनेच त्याची कारकीर्द व प्रकृती यांचा घात केला.

त्याचा जन्म बेलफास्ट येथे एका सामान्य कुटुंबात झाला. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, सँडी रो या श्रमिक वस्तीतील जॅमपॉट नावाच्या क्लबात त्याने क्यू प्रथम हाती धरला. किशोरवयात घोडेस्वार (जॉकी) होण्यासाठी तो इंग्लंडमधील एका तबेल्यात दाखल झाला; परंतु वजन वाढल्याने तो बेत सोडून द्यावा लागला. मायदेशी परतल्यावर त्याने १९६८ मध्ये उत्तर आयर्लंडची व अखिल आयर्लंडची अशी दोन्ही हौशी अजिंक्यपदे जिंकली आणि १९७१ मध्ये व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश केला.

त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी स्नूकरचे स्वरूप थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. हा खेळ १८७५ मध्ये जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत उदयास आला, असे सामान्यतः मानले जाते. खेळाडू क्यूने पांढरा चेंडू मारून त्याच्या आघाताने अन्य चेंडू टेबलाच्या सहा खिशांत घालवतो. प्रत्येकी एक गुणाचे पंधरा लाल चेंडू व दोन ते सात गुणांचे सहा रंगीत चेंडू असतात. लाल चेंडू खिशात गेल्यावर एक रंगीत चेंडू, नंतर पुन्हा लाल, असा क्रम असतो. एकदा चूक झाली, की पाळी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. एका पाळीत सलग मिळविलेल्या गुणांना ‘ब्रेक’ व एका डावाला ‘फ्रेम’ म्हणतात. चेंडू खिशात घालवणे जितके महत्त्वाचे, तितकेच पांढरा चेंडू पुढील फटक्यासाठी सोयीच्या जागी थांबवणेही महत्त्वाचे असते. त्यामुळे अवघड फटक्याचा धोका न पत्करता, प्रतिस्पर्ध्याला पेचात टाकणारा बचावात्मक फटका मारण्याकडे जुन्या पिढीतील खेळाडूंचा कल असे.

हिगिन्सने ही रीत मोडली. शरीर स्थिर ठेवून फटका मारावा, हा या खेळाचा पहिला पाठ. हिगिन्स मात्र फटका मारताना डोके वर उचलीत असे व त्याचे सारे अंग हलत असे. तो टेबलाभोवती झपाट्याने फिरे आणि पाहणाऱ्याला रचना उमगण्यापूर्वीच पुढचा फटका मारून मोकळा होई. पांढऱ्या चेंडूला फिरकी देऊन तो हव्या त्या जागी नेण्याची त्याची हातोटी असामान्य होती. या शैलीत चुकांना वाव अधिक असल्याने त्याच्या यशात सातत्य राहिले नाही. परंतु तिने प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर आणून बसविले.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो १९७२ मध्ये प्रथमच उतरला, तोही पात्रता फेऱ्यांतून. उपांत्य सामन्यात त्याने रेक्स विल्यम्सवर ३१–३० अशी निसटती मात केली. बर्मिंगहॅममधील सेली पार्क ब्रिटिश लीजन या क्लबात झालेल्या अंतिम सामन्यात विद्यमान विजेता जॉन स्पेन्सरला त्याने ३७–३२ असे हरविले. त्या वेळी खाणकामगारांच्या संपामुळे ब्रिटनमध्ये वीजकपात चालू होती. विजेत्यास मिळालेले पारितोषिक अवघे ४८० पौंडांचे होते. वयाच्या बाविसाव्या वर्षी हे पद मिळविणारा तो तोपर्यंतचा सर्वांत तरुण विजेता ठरला. हा विक्रम पुढे १९९० मध्ये स्टीव्हन हेंड्रीने मोडला.

यानंतर त्याने १९७८ व १९८१ मध्ये मास्टर्स स्पर्धा जिंकली. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र १९७६ मध्ये रे रीअर्डनकडून आणि १९८० मध्ये क्लिफ थॉर्बर्नकडून त्याला पराभव पतकरावा लागला. थॉर्बर्नविरुद्ध ९–५ अशी आघाडी असताना तो अखेर १८–१६ असा हरला. संथ व चिवट प्रतिस्पर्ध्यासमोर संयम राखणे त्याच्या स्वभावात नव्हते, हे या सामन्याने दाखवून दिले.

त्याच्या कारकीर्दीचा कळस १९८२ मध्ये शेफील्ड येथील क्रूसिबल नाट्यगृहात झाला. उपांत्य सामन्यात जिमी व्हाइट १५–१४ असा पुढे होता व तिसाव्या फ्रेममध्ये त्याचे ५९ गुण झाले असता हिगिन्सचा एकही नव्हता. एका चुकीने सामना संपला असता. अशा स्थितीत हिगिन्सने ६९ गुणांचा ब्रेक रचला. पांढरा चेंडू वारंवार अडचणीच्या जागी थांबत होता आणि प्रत्येक वेळी तो आणखी कठीण फटक्याने मार्ग काढीत होता. निर्दोष ब्रेकमध्ये सर्व फटके सोपे दिसतात. येथे जवळजवळ प्रत्येक फटका अवघड होता. म्हणूनच गुणसंख्या मोठी नसतानाही या ब्रेकची गणना स्नूकरमधील सर्वश्रेष्ठ ब्रेकमध्ये होते. पुढील फ्रेम जिंकून त्याने सामना १६–१५ असा घेतला. अंतिम सामन्यात रीअर्डनविरुद्ध १५–१५ अशा बरोबरीनंतर तीन फ्रेम लागोपाठ जिंकून, अखेरच्या फ्रेममध्ये १३५ गुणांचा ब्रेक करून, तो १८–१५ असा विजयी झाला. डोळ्यांत अश्रू आणून पत्नी व तान्ह्या मुलीला जवळ बोलावणारा हिगिन्स लाखो प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. या वेळचे पारितोषिक २५,००० पौंडांचे होते. दहा वर्षांतील या वाढीतून खेळाचा बदललेला दर्जा स्पष्ट होतो. १९८३ च्या यूके अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०–७ अशा पिछाडीवरून त्याने १६–१५ असा विजय खेचून आणला.

या यशाला समांतर अशी गैरवर्तन व शिक्षा यांची मालिकाही चालू होती. १९८६ मध्ये यूके स्पर्धेच्या वेळी मादक द्रव्यांच्या चाचणीवरून झालेल्या वादात त्याने स्पर्धासंचालकास डोक्याने धडक मारली. याबद्दल त्याला १२,००० पौंड दंड व पाच स्पर्धांची बंदी अशी शिक्षा झाली. १९८९ मध्ये पायाला दुखापत झालेली असताना लंगडत खेळून त्याने आयरिश मास्टर्सच्या अंतिम सामन्यात हेंड्रीला ९–८ असे हरविले. हे त्याचे अखेरचे मोठे यश होय. पुढच्याच वर्षी विश्वचषकात आपल्याच संघातील डेनिस टेलर याला गोळी घालविण्याची धमकी त्याने दिली. उत्तर आयर्लंडमध्ये राजकीय हत्या घडत असताना काढलेले हे उद्‌गार केवळ रागाचे मानणे कुणालाही शक्य नव्हते. त्यानंतर जागतिक स्पर्धेत एका वृत्ताधिकाऱ्यास त्याने ठोसा मारला. परिणामी १९९०-९१ च्या संपूर्ण हंगामासाठी त्याच्यावर बंदी आली. त्यातून परतल्यावर तो पूर्वीची श्रेणी गाठू शकला नाही. १९९४ मध्ये तो क्रूसिबलमध्ये अखेरचा खेळला.

मद्य, जुगार व धूम्रपान यांत त्याची प्राप्ती आणि प्रकृती दोन्ही खर्ची पडली. १९९८ मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचारांनंतर आवाज खोल गेला, शरीर कृश झाले. तरीही लहानमोठ्या रकमांसाठी तो प्रदर्शनीय सामने खेळत राहिला. बेलफास्टमधील आपल्या सदनिकेत तो मृतावस्थेत आढळला.

हिगिन्सच्या शोकांतिकेची जबाबदारी त्याच्या स्वभावावर येते, हे खरे. परंतु त्याच्या काळच्या व्यवस्थेचाही विचार करावा लागतो. व्यावसायिक स्नूकरची वाढ तंबाखू कंपन्यांच्या आश्रयाने झाली. जागतिक स्पर्धेस १९७६ ते २००५ पर्यंत एका सिगारेटच्या नावानेच ओळखले जाई. स्पर्धेच्या वेळी धूम्रपान व मद्यपान खेळाडूंना मुभेचे होते. त्याच्या बेफाम वर्तनामुळे वृत्तपत्रांना मजकूर व संयोजकांना प्रेक्षक मिळत, आणि तेच वर्तन मर्यादेबाहेर गेले, की त्याला दंड होई. जागतिक विजेतेपदांच्या संख्येत डेव्हिस, हेंड्री व रॉनी ओसलिव्हन त्याच्या कितीतरी पुढे आहेत. तथापि व्हाइट व ओसलिव्हन यांसारख्या आक्रमक खेळाडूंनी त्याचे ऋण मान्य केले आहे. २०१६ पासून नॉर्दर्न आयर्लंड ओपन स्पर्धेचा चषक ‘ॲलेक्स हिगिन्स चषक’ या नावाने दिला जातो.