लोणा धुऊ नका, झाडा

पूर ओसरला, गाळ उपसला, फरश्या धुऊन झाल्या. दिवाळीच्या तोंडावर मात्र बाहेरच्या उघड्या विटांवर पांढरी पूड उगवली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा पुरात भिजलेल्या भिंती बाहेरून लवकर सुकतात, आतून मात्र महिनोन्‌महिने ओल्याच राहतात.

या पुडीला गवंडी ‘लोणा’ म्हणतात. पुष्कळ जण ती बुरशी समजून पाइप लावून धुतात. भिंत दोन दिवस लालबुंद दिसते, मग पूड पुन्हा हजर! कारण ते मीठ आहे. पुडीवर पाण्याचा थेंब सोडून पाहा: मीठ विरघळतं, बुरशी विरघळत नाही. धुताना विरघळलेलं मीठ वीट परत पिऊन टाकते.

आणि वीट पिते भरपूर. भारतीय मानकानुसार नेहमीच्या विटेने २४ तास बुडवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. म्हणजे तीन किलोची चांगली वीटसुद्धा अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पिऊ शकते. विटेतली, सिमेंटमधली, जमिनीतली मिठं या पाण्यात विरघळतात. पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. ते पृष्ठभागावर साचलं तर नुसती पूड. विटेच्या आतच साचलं तर खरा घात. सोडियम सल्फेटचा स्फटिक पाणी धरताना सुमारे चौपट फुगतो आणि विटेचे पापुद्रे निघतात.

जुन्या वाड्यांत विटा चुन्यात बसवत. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र; ओल आणि मीठ दर्जांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडे, झिजे तो चुना. अशा भिंतीच्या दर्जा कडक सिमेंटने भरल्या, की पाण्याला विटेतूनच वाट काढावी लागते. दर्जा शाबूत राहतात, वीट झिजते. प्लास्टिक रंगही ओल आतच अडवतो. पूड काढायला वापरलेलं ॲसिड चुना खातं, आणि जोरदार फवारा विटेची भाजलेली कणखर साल सोलून काढतो.

मग करायचं काय? आधी पाण्याचा उगम बंद करा: फुटलेली पन्हळ, गळका पाइप, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग. मग उन्हाळ्यात, भिंत कोरडी असताना, मऊ ब्रशने पूड झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. पायथ्याशी राहिली तर पहिल्याच पावसात ती पुन्हा भिंतीत शिरेल. चुन्याच्या भिंतीतल्या भुसभुशीत दर्जा खरवडून चुन्यानेच भरा.

झाडण्याआधी मात्र पांढऱ्या पट्ट्याची वरची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख लिहा. पुढच्या शिमग्याला पट्टा रेघेखाली आला असेल, तर भिंत सुकते आहे. रेघेवर चढला असेल, तर ब्रश ठेवा आणि पाणी कुठून येतंय ते पुन्हा शोधा.