कॅन्सरच्या उपचाराआधी दात दाखवा



नागापूरहून अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर जाताना मला अनेक घरांत मिश्रीची डबी दिसते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे आता लोकांना ठाऊक आहे. पण उपचारात दातांचे काय होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

तोंडाला किंवा गळ्याला रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, घास गिळवत नाही. पुष्कळ जण इथेच घाबरून उपचार सोडतात आणि आजार पुन्हा बळावतो. लाळेच्या ग्रंथी सुकतात. लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. जबडा आखडून तोंड उघडेनासे होते. केमोथेरपीनेही तोंड येते; रक्तातील पेशी घटल्यामुळे हिरड्यांतून रक्त येते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

सर्वांत मोठा धोका नंतरचा आहे. रेडिएशनमुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. पुढे त्या जागचा दात काढला तर जखम भरत नाही, हाड कुजू शकते. हा धोका जन्मभर राहतो. म्हणून किडलेले दात रेडिएशनच्या दोन-तीन आठवडे आधीच काढून घ्यावेत. नंतर कोणत्याही दंतवैद्याकडे गेल्यास ‘मला रेडिएशन झाले आहे’ हे पहिल्यांदा सांगावे आणि उपचाराचे कागद दाखवावेत.

घरी एवढे करावे:

• पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी.
• मऊ ब्रशने दात घासावेत. मिश्री आणि राखुंडी पूर्ण बंद.
• घोट घोट पाणी पीत राहावे. तिखट टाळून दूधभाकरी, पेज, मऊ भात घ्यावा.
• डॉक्टरांनी शिकवलेला तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा.
• ताप आला किंवा पाणीही गिळवेना, तर लगेच दवाखान्यात जावे.

दात तपासायला आपल्याच जिल्ह्यात लोणीचे दंत महाविद्यालय आहे. कॅन्सरचे अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. मुंबईला टाटा रुग्णालयात निघालेल्या रुग्णाला आपण प्रवासखर्च देतो, प्रार्थनेत आठवतो. त्याच वेळी ‘दात दाखवलेत का?’ एवढेही विचारूया. शक्य असेल तर एक दिवस मोडून त्याच्यासोबत दंतवैद्याकडे जाऊया.